बीव्हरच्या कातड्यामागचे हात

मित्रहो, दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६८ साली मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच राजाने २ मे १६७० रोजी आजच्या कॅनडातल्या हडसन उपसागराला मिळणाऱ्या नद्यांचा सगळा मुलूख, कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या नावे करून दिला. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या क्री आणि डेने लोकांना कुणी विचारलंसुद्धा नाही. पण सनद हातात आली म्हणून कातडी हातात येत नाहीत. ती आणून देणारी माणसं लागतात, आणि आज मला बोलायचंय ते त्यांच्याविषयी.

युरोपात टोप्यांच्या फेल्टसाठी, म्हणजे केस दाबून केलेल्या जाड कापडासाठी, बीव्हर या पाण्याकाठी राहणाऱ्या केसाळ प्राण्याच्या आतल्या बारीक लवेला मागणी होती. सुरुवातीला तर वापरलेल्या कातड्याला चांगला भाव मिळे. क्री माणसं बीव्हरच्या कातड्यांचा अंगरखा केसाची बाजू आत करून एक-दोन हिवाळे अंगावर घालत. घाम आणि अंगाच्या तेलाने वरचे राठ केस झडून जात, आणि टोपीवाल्याला हवी ती मऊ लव तेवढी राही. म्हणजे मालावरची पहिली प्रक्रिया त्यांच्या अंगावरच होत होती.

या व्यापारात मला सगळ्यात जवळची वाटते ती थानाडेल्थर. ही डेने मुलगी क्री टोळीच्या कैदेतून पळाली आणि १७१४ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी कंपनीच्या यॉर्क फॅक्टरी ठाण्यावर पोचली. क्री आणि डेने यांचं वैर मिटल्याशिवाय उत्तरेचा माल येणार नाही, हे ठाण्याचा प्रमुख जेम्स नाइट जाणून होता. पुढच्या उन्हाळ्यात त्याने तिला कंपनीचा माणूस विल्यम स्टुअर्ट आणि दीडशेच्या आसपास क्री माणसांबरोबर पाठवलं. वाटेत उपासमार झाली, तुकडी फुटली. नऊ डेने मारलेले सापडले तेव्हा सोबतचे क्री हादरले. सूड आपल्यावर येणार, परत फिरू या, म्हणाले. तिने दहा दिवस थांबायला सांगितलं आणि एकटी पुढे गेली. दहाव्या दिवशी शंभराहून अधिक डेने घेऊन ती परतली. बोलून बोलून, समजावून तिचा आवाज बसला होता. तह झाला. १७१७ च्या फेब्रुवारीत आजारपणात ती गेली; त्याच वर्षी डेने लोकांशी व्यापारासाठी चर्चिलचं ठाणं उभं राहिलं. या धंद्याचा पाया मी या बसलेल्या आवाजात पाहतो.

पुढे माँट्रियलच्या व्यापाऱ्यांनी नॉर्थ वेस्ट कंपनी काढली. त्यांच्या होड्या भूर्जाच्या सालीच्या, झाडाच्या मुळांनी शिवलेल्या, सांधे राळेने बुजवलेल्या. ही विद्या मूळ रहिवाशांची. पाण्याची वाट संपली की वल्हेकरी चाळीस किलोची गाठोडी पाठीवर घेऊन चालत, सहसा एकावेळी दोन. शिधा म्हणजे पेमिकन: बायसन या रानबैलाचं सुकवलेलं मांस कुटून त्यात चरबी कालवलेली. ते पुरवणारे मुख्यतः मेटी लोक, युरोपीय बाप आणि मूळ रहिवासी आई अशा घरांतून घडलेला समाज.

दोन कंपन्यांची चढाओढ याच शिध्यावर येऊन पेटली. रेड नदीकाठी हडसन्स बेच्या जमिनीवर नवी वसाहत झाली होती. १८१४ च्या जानेवारीत तिच्या राज्यपालाने पेमिकन बाहेर नेण्यावर बंदी घातली. मेटींच्या पोटावरच पाय आला. १९ जून १८१६ ला, आजच्या विनिपेगमध्ये, सेव्हन ओक्सला चकमक झाली. नवा राज्यपाल रॉबर्ट सेम्पल धरून वसाहतीची वीसेक माणसं मेली. मेटींचा एक गेला. त्या चढाओढीत दारूही पाण्यासारखी वाटली गेली. हे सांगताना आजही जीव तुटतो.

१८२१ मध्ये दोन्ही कंपन्या हडसन्स बेच्या नावाखाली एक झाल्या. तिचा तिथला प्रमुख अधिकारी जॉर्ज सिम्पसनने ठाणी बंद केली, शेकडो माणसांना कामावरून काढलं. संपत चाललेले बीव्हर वाचावेत म्हणून काही भागांत शिकारीवर मर्यादाही घातल्या. मात्र कातडं घेऊन आलेल्या क्री शिकाऱ्याला भाव पटला नाही तर ठोठवायला दुसरं दार उरलं नाही. आणि दूर पश्चिमेला, स्नेक नदीच्या खोऱ्यात, जिथे अमेरिकी शिकारी पुढे सरकत होते, तिथे याच कंपनीने आपल्या माणसांना सांगितलं: बीव्हर मागे ठेवू नका.