तापीच्या गाळातलं पाणी

मंडळी, आपल्या जळगाव जिल्ह्यातली रावेर-यावलची केळी ज्या पाण्यावर पोसते ते बहुतेक जमिनीखालचं आहे. आज त्याच्याबद्दल बोलू.

महाराष्ट्राची ८० टक्क्यांहून अधिक जमीन बेसॉल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची. तिथे विहिरीला पाणी लागतं ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात. तापी-पूर्णेचं खोरं वेगळं. सातपुड्याच्या पायथ्याशी मोठा भ्रंश आहे, म्हणजे खडक तुटून सरकलेली लांब भेग. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली आणि त्या खळग्यात नद्यांनी लाखो वर्षं वाळू, गोटे, चिकणमाती आणून टाकली. हा गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे. भूजलाच्या हिशेबात झिजलेल्या बेसॉल्टमध्ये आकारमानाच्या साधारण २ टक्के पाणी उपसण्याजोगं धरतात. गाळात, त्यात वाळू किती यानुसार, ६ ते १६ टक्के.

माझ्या मते या श्रीमंतीनेच आपला घात केला. बेसॉल्टवरचा शेतकरी लवकर सावध होतो, कारण त्याची विहीर मार्चमध्येच तळ दाखवते. आपल्याकडे पातळी उतरली की आपण पाइप वाढवतो, जास्त एचपीची मोटार सोडतो आणि पाणी पुन्हा येतं. वाटतं, खाली नवं पाणी लागलं. ते त्याच साठ्यातलं असतं, फक्त वर आणायला वीज जास्त जळते. आणि ज्याला बोअर खोल नेणं परवडत नाही, त्याची विहीर आधी कोरडी पडते.

एक ढोबळ हिशेब करू. आपल्याकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस. त्यातला सातवा हिस्सा मुरला असं सढळ हाताने धरलं, तरी १०० मिलिमीटर, म्हणजे एकरी चार लाख लिटर. केळीला वर्षाला दीड हजार मिलिमीटर किंवा अधिकच पाणी लागतं. त्यातलं पाचशे पावसाने दिलं तरी उरलेलं हजार, म्हणजे एकरी चाळीस लाख लिटर, ट्यूबवेलमधून येतं. एका एकराची केळी दहा एकरांचं मुरलेलं पाणी घेते.

ठिबकने हे प्रमाण सुधारतं, आणि ठिबक हवंच. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर लावले तर एकूण उपसा तेवढाच राहतो. शिवाय पाटपाण्यातून जे थोडं खाली झिरपत होतं, तेही थांबतं.

मग खोऱ्याला आणखी पाणी येतं कुठून? सुकी, मोर, अनेर या नद्या आणि असंख्य नाले सातपुड्यातून उतरतात, तेव्हा पायथ्याच्या गोट्या-वाळूच्या पट्ट्यावरून वाहतात. याला बझाडा म्हणतात. इथे वाहता नाला डोळ्यांदेखत जिरतो. खाली तापीकडे यावं तसे चिकणमातीचे थर वाढतात आणि जमिनीवर साठवलेलं पाणी बरंचसं उन्हाने उडून जातं. म्हणून पुनर्भरणाचा पैसा आधी पायथ्याला खर्च व्हावा, आणि त्या पट्ट्यातला वाळूउपसा आज थांबावा, असं मी ठामपणे म्हणतो. गाळाच्या भागात, धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला, नाले रुंद आणि खोल करून पिवळ्या मातीचा थर भेदला आणि पाणी खाली उतरवलं. ते तिथल्या भूस्तराला धरून होतं. खालचा थर न पाहता कुठलाही नाला खोदत सुटणं हे त्याचं अनुकरण नव्हे.

१० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तापी मेगा रिचार्ज प्रकल्पाचा करार केला. दोन्ही राज्यांनी मिळून ३१.१३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वापरायचं ठरलं आहे. कल्पना भूशास्त्राला धरून आहे: तापीचं पाणी कालव्याने याच पायथ्याच्या पट्ट्यात न्यायचं आणि मुरवायचं. मला तिची आशा आहे. पण ते पाणी येईल या भरवशावर आजच नव्या लागणी वाढल्या, तर मुरलेलं पाणी साठ्यात टिकणार नाही. २००९च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात भूजलाचा आराखडा करून त्यानुसार पिकं ठरवण्याची तरतूद आहे. गावाने त्यासाठी थांबू नये. ऑक्टोबरमध्ये शिवारातल्या दहा-बारा विहिरींची पातळी टेपने मोजा, मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, आणि कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची, किती लागण करायची ते तो फळा पाहून ठरवा.