उमेदवार आपला, पण पक्ष कुणाचा?

नमस्कार मंडळी. मत आपल्या भाषेचा माणूस बघून द्यायचं की पक्ष बघून, हा आजचा विषय. तो कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या प्रत्येक मराठी घरात कधी ना कधी भांडण लावून गेलेला आहे. आमच्या घरात तर दर निवडणुकीला लावतोच.

माझे काका बेळगावजवळच्या येळ्ळूरचे. हा भाग महाराष्ट्रात न जाता कर्नाटकात गेला, त्याच्या निषेधाचा १ नोव्हेंबरचा काळा दिन, दंडाला काळी फीत, सायकल फेरी, एक वर्ष चुकवलेलं नाही. २०१४ ला 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक पोलिस बंदोबस्तात पाडला तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते. विधानसभेला मत समितीलाच, म्हणजे हा भाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला. आणि लोकसभेला? कमळ. मी विचारलं तर म्हणाले, "अरे ते दिल्लीचं हाय, समितीचं इथलं हाय, दोन्ही येगळं." मला तेव्हा लई राग आलेला. आता वाटतं, त्यांनी एका वाक्यात सगळा विषय सांगितला होता.

आपल्याकडं जे भाषेचं आहे तेच अमेरिकेत रंगाचं आहे, म्हणून जरा तिकडं बघूया. आपला समज असा की ब्लॅक मतदारांनी ओबामांना ते ब्लॅक आहेत म्हणून मतं दिली. २००८ ला ९५ टक्क्यांच्या आसपास पडली, बरोबर. पण त्याच्या आधी २००४ ला त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन केरी उभे होते, पूर्ण गोरा माणूस, त्यांना पण ८८ टक्क्यांच्या आसपास पडली होती. म्हणजे रंगामुळं थोडी वाढली, बाकीची आधीपासूनच पक्षाची होती.

याहून स्पष्ट बघायचं तर जॉर्जिया, २०२२. सिनेटच्या जागेला डेमोक्रॅट राफेल वॉरनॉक आणि रिपब्लिकन हर्शेल वॉकर, दोघंही ब्लॅक. वॉकर तर जॉर्जियाचा फुटबॉलचा हिरो, घराघरात माहीत असलेलं नाव. रंग दोन्हीकडं सारखा. तरी ब्लॅक मतं जवळपास सगळी वॉरनॉकना, आणि गोऱ्या मतदारांतली बहुतेक मतं वॉकरला. नुसता चेहरा बघून मत पडत असतं तर असं झालं असतं काय?

याचं कारण जुनं आहे. एके काळी ब्लॅक लोक रिपब्लिकनच होते, लिंकनचा पक्ष म्हणून. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष रुझवेल्टच्या काळात तिकडं सरकायला लागले, आणि १९६४ ला डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली, तर त्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या रिपब्लिकन गोल्डवॉटरनी सिनेटमध्ये त्याच कायद्याच्या विरोधात मत दिलेलं. लोकांनी ते लक्षात ठेवलं. आमचा प्रश्न कुणी उचलला आणि कुणी पाडायला बघितला, हिशोब तिथं आहे.

आता परत बेळगावात या. १९९६ ला लोकसभेला इथं ४५६ उमेदवार उभे होते. समितीनं सीमाप्रश्न, म्हणजे हा भाग कुठल्या राज्यात असावा हा वाद, दिल्लीला दिसावा म्हणून अर्जच अर्ज भरले, मतपत्रिकेचं पुस्तक झालं. आणि २०१८ ला विधानसभेत समितीचा एकही आमदार नाही, २०२३ ला पण नाही. लगेच लोक म्हणतात मराठी अस्मिता संपली. खरं मधली २०२१ ची बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक सगळे विसरतात. समितीच्या शुभम शेळकेंना १ लाख १७ हजार मतं पडली, आणि भाजपच्या मंगला अंगडी काँग्रेसच्या सतीश जारकीहोळींना हरवून निवडून आल्या त्या फक्त ५ हजार २४० मतांनी. अस्मिता मेली असती तर एवढी मतं आली कुठून?

माझ्या मते झालं असं की राष्ट्रीय पक्षांनी मराठी चेहरे द्यायला सुरुवात केली. खानापुरात २०१८ ला काँग्रेसच्या अंजली निंबाळकर, २०२३ ला भाजपचे विठ्ठल हलगेकर. समितीतल्या गटबाजीनं हातभार लावलाच. मतदाराला वाटलं, आपलाच माणूस आहे की, आणि सत्तेतला पण. पण २०२२ च्या डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधानसभेनं सीमाप्रश्नावर महाराष्ट्राच्या विरोधात ठराव केला तो एकमतानं. त्या सभागृहात मराठी बोलणारे आमदार होते ना? पक्षाचा आदेश आला की माणूस आपला राहत नाही हो, माणूस पक्षाचा असतो. जॉर्जियातल्या मतदाराला हे कळतं, आपण अजून आडनाव बघतो.

आणि मी मतदाराला दोष देत नाही, हे पण सांगतो. काकूच्या खात्यात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार येतात, त्यात तिचं औषध भागतं. तिला कुठल्या तोंडानं सांगू की ते सोड आणि नुसता सीमाप्रश्न बघ?

मला फक्त एवढंच वाटतं की प्रश्न विचारायचे सोडू नयेत. काकांचा जमिनीचा उतारा कानडीत येतो. १५ टक्क्यांच्या वर अल्पसंख्याक भाषिक असतील तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेत द्यायचे, असं ठरलेलं आहे, तरी काका झेरॉक्सच्या दुकानात जाऊन पोराला विचारतात, "बाळा, माझंच नाव हाय न्हवं ह्याच्यावर?" मागच्या निवडणुकीला एक उमेदवार दारात आला, हात जोडून चांगल्या मराठीत म्हणाला, काका, मी तुमचाच. काका आत गेले, उतारा आणून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "वाचून दाखव आणि हे मराठीत कधी मिळणार ते सांग." त्यानं कागद उलटा-सुलटा केला, बघतो काका म्हणाला आणि पुढच्या घराकडं गेला. कागद काकांनी घडी करून परत टिनच्या पेटीत ठेवला. त्या वेळी मत कुणाला दिलं, ते काकूला पण सांगितलेलं नाही.