पाच मुलांच्या वाट्याचं तेल

नमस्कार श्रोतेहो. पवित्र शास्त्र हाताशी असेल तर दुसरे राजे, अध्याय 25 काढा. यरुशलेमचं मंदिर जळालं, तट पडले, यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया याचे डोळे काढले. इथवर आलं की बहुतेक जण पुस्तक मिटतात. मागे 27 ते 30 ही चार वचनं राहून जातात. आज तीच बघू.

बंदिवासाच्या सदतिसाव्या वर्षी बाबेलचा नवा राजा अवील-मरोदख यहूदाचा आधीचा राजा यहोयाखीन याला तुरुंगातून बाहेर काढतो. त्याची कैद्याची वस्त्रं बदलली जातात, तो राजाच्या पंक्तीला जेवू लागतो, आणि त्याचा रोजचा शिधा ठरतो. यहोयाखीन अठराव्या वर्षी गादीवर बसला आणि तीन महिन्यांत, इसवी सनपूर्व 597 मध्ये, पकडून नेला गेला. म्हणजे सुटला तेव्हा वय पंचावन्नच्या घरात.

वाचताना गफलत होते ती नावांची. बाप यहोयाकीम, मुलगा यहोयाखीन. दोन अक्षरांचा फेर. त्यात मुलाला यखन्या आणि कोन्या अशी आणखी दोन नावं. ही तिन्ही नावं एका कागदावर लिहून घ्या, नाहीतर पुढचा धागा हाती लागणार नाही.

आता यिर्मया 22. तिथं परमेश्वर म्हणतो, कोन्या माझ्या उजव्या हातातली मुद्रिका, म्हणजे शिक्क्याची अंगठी, असता तरी मी तो उपटून फेकला असता. तिसाव्या वचनात तर, हा मनुष्य निःसंतान असं लिहा, असा हुकूम आहे. मग कोन्याचा पूर्वज दावीद याला दिलेल्या वचनाचं, त्याच्या घराण्याचा दिवा विझणार नाही म्हटलं त्याचं काय?

उत्तराचा एक तुकडा मातीत सापडला. जर्मन पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट कोल्डेवाय यांनी 1899 ते 1917 या काळात बाबेल खणलं. इश्तार दरवाज्याजवळच्या राजवाड्यात विटांच्या कमानींखाली कीलाक्षरी लिपीतल्या मातीच्या पाट्या निघाल्या. या लिपीचे अभ्यासक अर्न्स्ट वायडनर यांनी 1939 मध्ये त्यांतल्या काही वाचून छापल्या. या पाट्या म्हणजे कोठीवरच्या कारकुनाची शिध्याची वही: कोणाला किती तेल दिलं, एवढंच. त्यात यहूदाच्या राजाचं नाव आहे, आणि लगेच खाली यहूदाच्या राजाच्या पाच मुलांना अडीच सिला तेल. सिला म्हणजे साधारण लिटरभराचं माप. दर मुलामागे अर्धा सिला. इसवी सनपूर्व 592 ची ही नोंद, तेव्हा बाप जेमतेम तेविशीचा.

निःसंतान लिहा म्हटलं होतं, आणि परक्या देवांच्या राजवाड्यातला कारकून निमूटपणे पाच मुलं लिहितो! यात यिर्मया खोटा ठरत नाही. तेच वचन पूर्ण वाचलं तर अर्थ उघड आहे: त्याच्या वंशातला कोणी दाविदाच्या गादीवर बसणार नाही. आणि बसलाही नाही. पण वंश तेलावाचून वाळला नाही.

पहिले इतिहास 3:17 पासून या बंदिवानाच्या मुलांची यादी आहे. शल्तीएल, पदाया आणि इतर. पुढे नातू जरुब्बाबेल. इथं तो पदायाचा मुलगा, तर हाग्गय आणि मत्तय त्याला शल्तीएलाचा म्हणतात. ही विसंगती झाकू नका, समासात नोंदवा. तशीच दुसरी: सुटकेचा दिवस राजे सत्तावीस देतं, यिर्मया 52:31 पंचवीस. अशा आकड्यांतून गूढ अर्थ काढायचा मोह मात्र टाळा. सदतीस म्हणजे सदतीस वर्षं, बंदिवासातली.

आता हाग्गय, दुसरा अध्याय, अगदी शेवटचं वचन. इसवी सनपूर्व 520. जरुब्बाबेल यहूदाचा अधिकारी आहे, राजा नाही. परमेश्वर त्याला म्हणतो, मी तुला मुद्रिकेसारखा करीन. आजोबाच्या वेळी फेकायची म्हटलेली मुद्रिका, तोच शब्द, नातवासाठी.

हे जोडून वाचायला अर्धा तास पुरतो: दुसरे राजे 25, यिर्मया 22, पहिले इतिहास 3, हाग्गय 2, याच क्रमानं. मग मत्तयाचा पहिला अध्याय उघडा, बारावं वचन. ज्या वंशावळीचं पान आपण घाईघाईनं उलटतो, तिच्यात यखन्या, शल्तीएल, जरुब्बाबेल ओळीनं उभे आहेत, आणि चार वचनं खाली योसेफ आणि मरीया.