काय करत नाही ओ ते

(दृश्य: टिळकवाडी, बेळगाव. सकाळचे सहा. मैदानावर धुकं.)

हे व्हॅक्सीन डेपोचं मैदान. ब्रिटिशांच्या काळात या आवारात देवीची लस तयार व्हायची. देवी गेली, लस गेली, नाव तेवढं राहिलं. आता पहाटे अर्धं टिळकवाडी इथं चालायला येतं. निवृत्त मास्तर, गुडघे सांभाळत चालणाऱ्या काकू, भरतीची तयारी करणारी पोरं, क्रिकेटवाले. आणि कुत्री.

त्या राखाडी स्वेटरवाल्या गृहस्थांकडे बघा. साखळी आणलीय, चांगली जाड आहे. फक्त ती कुत्र्याच्या गळ्यात नाही, मालकाच्या गळ्यात मफलरसारखी अडकवलीय. कुत्रं पन्नास पावलं पुढं. समोरून येणारी बाई थबकते, ओढणी गोळा करते, कडेला सरकते. आणि मग मागून ते वाक्य येतं.

“काय करत नाही ओ ते.”

हे वाक्य मी स्वतः पाच वर्षं म्हणत होतो.

(दृश्य: अनगोळमधली गल्ली. गेटवर ‘कुत्र्यापासून सावध’ची गंजलेली पाटी.)

आमचा राजा. आई मुधोळची, बाप गल्लीतला. मुधोळ इथून लांब नाही, बागलकोट जिल्ह्यात, पूर्वीच्या घोरपड्यांच्या संस्थानातलं. तिथलं कुत्रं म्हणजे शिडशिडीत अंग, खोल छाती, लांब पाय. २००५ साली टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं, तेव्हा आमच्याकडच्या लोकांच्या छात्या फुगल्या होत्या. पण हे कुत्रं वासानं नाही, नजरेनं शिकार धरणारं. पळणारं काही दिसलं की आधी पाय सुटतात, डोकं मागून येतं. माळावर ससा असतो. अनगोळमध्ये ससा नाही. सायकल आहे, शाळेला उशीर झालेलं पोर आहे, रस्ता ओलांडणारी बाई आहे.

आमची जागा दोन गुंठे, त्यात घर. राजा दिवसभर जिन्याखाली साखळीला. सकाळी सहाला सोडायचा, “मोकळा होऊन येतो बिचारा.” तो कुणाच्या दारात मोकळा होतो, हे आम्ही कधी पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं, असं म्हणा. बावीस तास बांधलेला जीव दोन तास सुटतो तेव्हा तो फिरायला जात नाही, उधळतो. हे कळायला प्राण्यांचा डॉक्टर लागत नाही.

(दृश्य: पाऊस. गल्लीच्या तोंडाशी भाजीची बुट्टी.)

आषाढातली सकाळ. येळ्ळूरची मावशी नेहमीसारखी आली. मेथी, शेपू, पोकळा, वर इरलं म्हणून प्लॅस्टिकचा कागद. डोक्यावर बुट्टी असलेल्या बाईचे दोन्ही हात वर असतात. पायाशी काय येतंय ते तिला दिसत नाही, दिसलं तरी हात खाली आणता येत नाहीत. आमच्या गेटसमोर ती बुट्टी उतरवायला वाकली, कागद वाऱ्यानं फडफडला, आणि राजा गेला.

मी वरच्या गॅलरीत चहा पीत होतो. खरं सांगायचं तर त्या क्षणीही माझ्या तोंडून तेच निघालं, “घाबरू नका मावशी, काय करत नाही.” वाक्य संपायच्या आत पोटरीला चार दात लागले होते.

“मी काय केलो नाही ओ,” ती म्हणत होती. “बुट्टी उतरायला वाकलो बस.” चावलं होतं तिला, आणि खुलासाही तीच देत होती.

शेजारच्या आजी हळद आणि चुना घेऊन धावल्या. निपाणीकडे जाल तर तंबाखूची चिमूट दाबतील, कुठं तिखट भरतील. यातलं काहीही करायचं नसतं. जखम नळाखाली धरायची, वाहत्या पाण्यात, साबण लावून, पुरती पंधरा मिनिटं. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत येतो आणि तिथून नसांच्या वाटेनं मेंदूकडं निघतो. तो नसेत शिरायच्या आत जितका धुऊन जाईल तितका बरा. नळाखाली पाय धरून बसलं की पंधरा मिनिटं किती मोठी असतात, ते त्या दिवशी कळलं. तिसऱ्या मिनिटाला सगळ्यांना वाटतं, झालं की आता.

(दृश्य: सरकारी दवाखान्याची रांग. हातातला केसपेपर.)

डॉक्टर कन्नड, मावशी मराठी. तिनं पोटरी पुढं केली, भाषेचा प्रश्न तिथंच मिटला. मग डॉक्टर माझ्याकडं वळले. पाळीव की भटकं? पाळीव. लस? दिलीय. कधी? कार्ड?

कार्ड होतं. घरी होतं. आणि त्यावरची शेवटची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. कुत्र्याला रेबीजची लस वर्षाला एकदा टोचायची, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते. राजाचे कान खाजायला लागले तेव्हा मी त्याला स्कूटरवर घालून नेलं होतं. लसीला मात्र वेळ मिळाला नव्हता.

रक्त आलेलं, म्हणजे तिसऱ्या, सगळ्यात गंभीर प्रकारची जखम. नुसती लस पुरत नाही, जखमेच्या आत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला अडवणारी तयार प्रतिद्रव्यं, टोचावी लागतात, आधीच फाटलेल्या मांसात सुई. मावशी विचारत होती, “पोटात चौदा घालतात न्हवं?” ती जुनी लस देशात २००४ पासून बंद आहे. धाक मात्र अजून गावोगावी आहे, आणि त्या धाकापायी माणसं दवाखान्याऐवजी मंत्रवाल्याकडं जातात. आता दंडावर, कातडीत, चार खेपा: पहिली टोचली तो दिवस, आणि तिथून तीन, सात, अठ्ठावीस दिवसांनी. चुकवायची नाहीत. कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की पुढं उपाय जवळपास नाहीच, आणि वेळेवर पुरे उपचार घेतले तर रोग जवळपास होतच नाही. इतका सरळ हिशोब असलेले आजार फार थोडे.

चार खेपा म्हणजे तिचे चार बाजार बुडाले. कर्नाटकात २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसला तिकीट नाही, तेवढं वाचलं. पण मेथी दुसऱ्या दिवशी कोण घेणार? पैसे मी दिले. तिनं मागितले नव्हते, हे सांगायला मला बरं वाटत नाही.

(दृश्य: जिन्याखाली बांधलेला राजा. पाण्याची वाटी.)

इकडं राजाचे दहा दिवस. चावताना कुत्र्याच्या लाळेत रेबीज असेल तर ते साधारण दहा दिवसांत आजारी पडून मरतं. म्हणून त्याला मारायचं नाही, सोडूनही द्यायचं नाही. बांधायचं आणि बघत राहायचं. पाणी पितोय का, जबडा लोंबतोय का, आवाज बदललाय का. पाच वर्षांत मी त्या कुत्र्याकडं इतकं बघितलं नव्हतं. दहाव्या दिवशीही तो भाकरी खात होता. मावशीची इंजेक्शनं तरी सुरूच होती, सुरूच ठेवायची होती.

(दृश्य: पोलीस ठाण्याचा बाहेरचा कट्टा.)

कायदा काय म्हणतो? भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा संभव असताना पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात हेच कलम २८९ होतं, दंड हजार रुपये. म्हणजे आपल्या गल्लीत ज्याला ‘झालं गेलं’ म्हणतात, त्याला कायद्यात गुन्हा म्हणतात.

पण तक्रार कोण देणार? मावशीला विचारलं. ती हसली. “तुमच्याच दारात भाजी विकायची, आणि तुमच्यावरच केस?” शिवाय इथं ठाण्यातला कागद कन्नडात. सही कशावर करतोय ते वाचता येत नसलेल्या माणसाला दुखरा पाय घेऊन घरी जाणं सोपं वाटतं.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं पिटबुल, रॉटवायलर अशा तेवीस जातींवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं, कारण ते काढताना संबंधितांना विचारलंच नव्हतं. वाद खूप झाला. आम्हा राजावाल्यांना तो वाद फार आवडला. मुधोळ त्या यादीत नव्हताच, म्हणजे धोका दुसऱ्यांच्या घरी!

भटक्यांबद्दल थोडक्यात. त्यांची नसबंदी आणि लसीकरण हे महापालिकेचं काम, कानाला खाच दिसली की ते झालंय असं समजायचं. शाळा, दवाखाने, बसस्थानकांच्या आवारातून त्यांना हलवा, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं. पाळीव कुत्र्याची लस आणि नसबंदी मात्र २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार मालकाच्याच गळ्यात. आमच्याकडं या दोन्हींच्या मध्ये तिसरी जात आहे. आपल्या पायरीवर झोपणारं, आपली शिळी भाकरी खाणारं, चोरावर भुंकावं अशी अपेक्षा असलेलं, आणि चावलं की “आमचं नव्हे ते” होणारं. त्याची पिल्लं पोत्यात घालून गावाबाहेर सोडणारे हात पालिकेचे नसतात.

(दृश्य: शेतातलं खळं. बैलाच्या तोंडाला मुसकं.)

गंमत बघा. मळणीला बैलाला मुसकं घालताना शेतकऱ्याला लाज वाटत नाही. बाजारात बैल विकताना गिऱ्हाईक पहिलं विचारतं, “खोड काय?” मारका असेल तर सांगावं लागतं. राजाला मुसकं घातलं तेव्हा घरच्यांना मात्र वाटलं, लोक काय म्हणतील, कुत्रं पिसाळलंय. आता तो सकाळी साखळीवर जातो, साखळी माझ्या हातात, मनगटाला एक वेढा घेऊन. माझ्या खांद्याला रग लागते. त्याची एवढी ओढ आहे, हे मला पाच वर्षं माहीत नव्हतं, कारण साखळीचं दुसरं टोक मी कधी धरलंच नव्हतं.

(दृश्य: सकाळ. गल्लीच्या तोंडाशी मावशी, डोक्यावर बुट्टी.)

अठ्ठाविसाव्या दिवसाचं इंजेक्शन झालं, आणि मावशी पुन्हा यायला लागली. आमच्या गेटच्या आधी तीन घरं थांबते.

“कुत्रं बांधलासा न्हवं?”

“बांधलंय, मावशी.”

ती हलत नाही. मी जिन्याखाली जातो, साखळी धरून हिसका देतो. खळकन आवाज येतो. मग ती पुढं येते आणि बुट्टी उतरवायला वाकते.