समास कोणासाठी सोडायचा?

लेखी असाइनमेंट कशी मांडावी आणि कशी सादर करावी, हा आजचा विषय. फाइलचं नाव, पीडीएफ, मुदत, सगळ्यावर येणार आहे. पण आधी समासाबद्दल बोलू द्या. ते माझं फार आवडतं ठिकाण आहे.

समास शोभेसाठी असतो, असं पुष्कळांना वाटतं. पानांची मर्यादा आली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. एका विद्यार्थिनीचा निबंध माझ्याकडे आला होता. पाच पानांची अट होती, म्हणून तिने दोन्ही बाजूंचे समास अर्ध्या सेंटीमीटरवर आणले होते. तिसऱ्या पानावर एक वाक्य इतकं चांगलं होतं, की त्याच्या शेजारी मला लिहायचं होतं, ‘हाच तुझा खरा मुद्दा आहे, इथून सुरुवात कर.’ पण लिहू कुठे? शेवटी दोन ओळींच्या मधे, तिरक्या बारीक अक्षरात कोंबलं. तिला ते लागलंच नाही. पुढचा मसुदा आला, त्यात नेमकं तेच वाक्य गाळलेलं!

मला याचं खरंच वाईट वाटतं. तपासणाऱ्याने तुमच्याशी बोलावं म्हणून ती जागा असते. ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद. दोन्हीकडे एकेक इंच, म्हणजे 2.54 सेंटीमीटर सोडले, की मजकुराला जेमतेम 16 सेंटीमीटर उरतात. समास खाऊन ओळ 20 सेंटीमीटरची केली, तर ओळ संपवून परत येताना डोळा चुकतो, तीच ओळ पुन्हा वाचली जाते. पन्नास निबंध तपासायला बसलेल्या माणसाचा विचार करा.

दोन ओळींमधलं अंतरही त्यातलंच. दुप्पट अंतराची पद्धत टाइपरायटरच्या काळापासूनची, दुरुस्त्या ओळींच्या मधे लिहिता याव्यात म्हणून. आपल्या देवनागरीला तर मोकळं अंतर हवंच. वर वेलांट्या, मात्रा, रफार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. ओळी दाटल्या की वरचा ‘ष्ट्रू’ खालच्या ‘र्कीं’वर जाऊन आदळतो. दीडपट अंतर ठेवा, दुप्पट मागितलं असेल तर दुप्पट. अक्षर 12 पॉइंटचं. (मागून कोणी विचारतंय, शब्दमर्यादेचं काय? मजकूर कापा, समास नको.)

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा उरलेलं भराभर सांगतो.

मराठी युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत. जुन्या फॉन्टमध्ये देवनागरीची अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला, की तुमचा निबंध रोमन अक्षरांचा चिवडा होऊन उघडतो.

पीडीएफ 1993 साली आलं, 2008 साली त्याचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्यात फॉन्ट फाइलमध्येच बसवता येतो, म्हणून पान दुसऱ्या यंत्रावरही तसंच दिसतं. पण शिक्षकांना मजकुरातच दुरुस्त्या सुचवायच्या असतील तर ते वर्ड फाइल मागतील. मग तीच द्या.

फाइलचं नाव ‘असाइनमेंट’ किंवा ‘अंतिम नवीन 2’ ठेवू नका. तुमच्यासाठी ती एकच फाइल असते, शिक्षकांच्या फोल्डरमध्ये तशा वर्गभर येतात. आडनाव, विषय, क्रमांक, बस. नाव आणि पृष्ठक्रमांक प्रत्येक पानावर हवा, कारण छापलेली पानं सुटतात आणि एकमेकांत मिसळतात. संदर्भांची शैली सांगितली असेल ती, नसेल तर कुठलीही एक, पण शेवटपर्यंत तीच.

अपलोड झाल्यावर तीच फाइल परत उतरवून उघडा. चुकीचा मसुदा गेला असेल तर तेव्हाच कळतं. आणि मुदत ‘सोमवारी रात्री 12’ अशी असेल तर आधीच विचारून घ्या: सोमवार सुरू होतानाचे बारा, की संपतानाचे?