तुमच्या अंगाच्या मापाची कयाक

नमस्कार श्रोतेहो. कागद-पेन्सिल हाताशी नसली तरी चालेल. आज सांगणार आहे ती सगळी मापं तुमच्याच अंगावर आहेत.

लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणून मी कयाक बांधतो. कयाक म्हणजे एका माणसाची, दोन्ही टोकांना निमुळती, वरूनही झाकलेली होडी. तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर ती उतरवली की काठावरचं कुणीतरी विचारतंच, "भाऊ, नाव कितली लांब ठेवू?" मी आधी त्याला बसायला सांगतो आणि त्याच्या कमरेकडे बघतो. लांबीचं नंतर.

ही नाव मुळात ग्रीनलंड आणि आसपासच्या बर्फाळ मुलखातल्या इनुइट शिकाऱ्यांची. तिथे झाडं जवळजवळ नाहीत. समुद्रातून वाहत आलेलं लाकूड, ते बांधायला जनावराच्या स्नायूंचे धागे आणि वरून सीलचं कातडं, एवढ्यावर त्यांनी नाव उभी केली. शिकारी तिचं माप स्वतःच्या शरीरावरून घ्यायचा. लांबी त्याच्या तीन वाव. रुंदी त्याच्या बैठकीएवढी आणि वर दोन मुठी. बाजूची उंची एक मूठ आणि त्यावर ताठ उभा केलेला अंगठा. वाव हा शब्द ऐकून घरातली जुनी माणसं लगेच मान डोलावतील. दोन्ही हात पसरले की या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत एक वाव. विहिरीचं पाणी आपण असंच मोजत आलो.

माझी पहिली कयाक मी दुसऱ्याच्या आराखड्यावरून बांधली. तो आराखडा सहा फुटी, भारदस्त माणसासाठी होता आणि माझं वजन अठ्ठावन्न किलो. नाव पाण्यात बसलीच नाही, वरच्यावर तरंगत राहिली. उन्हाळ्यातली दुपार होती. पश्चिमेचं वारं सुटलं आणि त्या उंच बाजूंवर आदळून मला आडवं ढकलू लागलं. काठ समोर दिसत होता, पण तिथे पोहोचेपर्यंत खांदे भरून आले. नाव मोठी म्हणजे सुरक्षित, हा समज त्या दिवशी गेला. उलट बाजूही ध्यानात ठेवा. नाव लहान पडली तर ती खोल बसते आणि लहानशी लाटसुद्धा मांडीवर येते.

यामागचा हिशेब साधा आहे. एक लिटर पाणी बाजूला सारलं की एक किलो वजन तरंगतं. तुम्ही ७० किलो, नाव १५, पाण्याची बाटली, डबा आणि इतर सामान ५, असे ९० किलो झाले, तर नावेला ९० लिटर पाणी सारावंच लागणार. चौदा फूट लांब आणि दोन फूट रुंद कयाक साधारण पंधरा किलोमागे एक सेंटिमीटर खाली जाते. म्हणजे तुमच्या नावेत तुमच्यापेक्षा तीस किलोनं जड मेहुणा बसला, तर ती दोन सेंटिमीटर आणखी खाली जाईल. एवढ्यानं ती बुडत नाही, पण तिची चाल बदलते.

आता आपल्या पाण्याकडे येऊ. साडेपाच फुटी माणसाचे तीन वाव म्हणजे साडेसोळा फूट. समुद्रात लांबचा पल्ला मारायला ही लांबी उत्तम. लांब नाव सरळ आणि वेगात जाते, पण सावकाश वल्हवताना तिचं जास्त अंग पाण्याला घासतं आणि वळवायला ती जड जाते. हतनूर असो की प्रकाशा बॅरेज, काठालगत बाभळीचे बुंधे आणि मासेमारीची जाळी चुकवत जावं लागतं. शिवाय नाव घरातून गल्लीत आणि गल्लीतून टेम्पोवर चढवायची असते. म्हणून मी चौदा फुटांवर थांबतो आणि लांबीत कमी केलेली जागा रुंदीत थोडी भरून काढतो. बैठक चौदा इंच आणि दोन मुठी आठ, असे बावीस इंच होतात. नवशिक्याला मी चोवीस देतो. सव्वीसच्या पुढे जाऊ नका, नाहीतर वल्हं पाण्यापर्यंत न्यायला हात फाकवावे लागतील.

लाकूड कापण्याआधी एक गोष्ट जरूर करा. ओसरीवर पाय लांब करून बसा. दोन्ही बाजूंना ठरवलेल्या रुंदीवर पट्ट्या ठेवा. गुडघे किंचित उचला, पावलं बाहेर झुकवा आणि घरातल्या कुणाला तरी मांड्यांवर आडवी काठी धरायला सांगा. सांगाड्याची मांड्यांवरून आडवी जाणारी कमान त्या काठीच्या जागी येणार आहे. अर्धा तास तसेच बसा. कंबर भरून आली, पावलांना मुंग्या आल्या, तर माप चुकलं. नऊ नंबरचा जोडा घालणाऱ्याला पावलांपाशी जास्त उंची लागते, आणि नेमकी तीच जागा बहुतेक जण विसरतात.

बसायच्या भोकाचं माप मात्र घट्ट ठेवू नका. नाव उलटली तर पाय ओढून तुम्हाला सहज बाहेर येता आलं पाहिजे. हे कमरेएवढ्या पाण्यात, शेजारी माणूस उभा करून, आधी करून बघा. लाइफ जॅकेट घालूनच बघा, कारण त्याच्या जाडीनं भोक लहान पडतं. जलाशयात उतरायला पाटबंधारे विभागाची परवानगी घ्या, आणि हतनूरचे दरवाजे उघडलेले असताना तापीत नाव घालू नका.

लहान मुलांसाठी मोठ्यांच्या नावेत उशा घालून भागवू नका. माझ्या मुलीचं वजन चाळीस किलो. तिची नाव अकरा फूट लांब, एकवीस इंच रुंद आहे आणि ती स्वतः उचलून पाण्यापर्यंत नेते. दोन वर्षांनी तिला ती लहान पडेल. दोऱ्या सोडून, फासळ्या बदलून तोच सांगाडा पुन्हा बांधायचं आम्ही ठरवलंय. नमस्कार.