रमाबाईंचे प्रश्न आणि चेल्टनहॅमची पत्रे

१२ मे १८८५ रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथून सत्तावीस वर्षांच्या एका मराठी स्त्रीने आपल्या धर्ममातेला (बाप्तिस्म्यानंतर धार्मिक बाबतीत आईचे नाते निभावणाऱ्या स्त्रीला) एक पत्र लिहिले. भारतातल्या पुरोहितवर्गाचे जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, तेव्हा तसलेच दुसरे जोखड घेण्याची माझी आता तयारी नाही, असे त्या पत्रात स्पष्टपणे म्हटले होते. ख्रिस्ताच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बाप्तिस्मा झाला हे खरे असले, तरी धर्मगुरूंच्या आणि बिशपांच्या मुखातून येणारा प्रत्येक शब्द शिरोधार्य मानण्यास आपण बांधील नाही, असेही तिने पुढे बजावले होते. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई, आणि ज्यांना हे पत्र गेले त्या इंग्लंडमधल्याच वाँटेज येथील मठातल्या सिस्टर जेराल्डीन.

या पत्रव्यवहाराकडे आज पुन्हा वळण्याचे कारण असे की, आधुनिक मनाला पडणाऱ्या शंकांना ख्रिस्ती सेवाकार्याने कसे सामोरे जावे, या प्रश्नाचा इतका प्रामाणिक आणि इतका अवघड धडा मराठी माणसाला दुसरीकडे क्वचितच मिळेल. इथे शंका घेणारी व्यक्ती मंडळीच्या बाहेर उभी राहून टीका करत नव्हती. ती प्रार्थना करत होती, बायबल वाचत होती आणि तरीही प्रश्न विचारत होती.

रमाबाईंच्या मनाची घडण लक्षात घेतल्याशिवाय त्या प्रश्नांचे वजन कळत नाही. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या मातेने, लक्ष्मीबाईंनी, आपल्या लेकीला शिकवले. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर हिंडले आणि दुष्काळात उपासमारीने आईवडील गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तोवर देवदेवतांवरचा त्यांचा विश्वास उडू लागला होता. पुढे बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने झालेला आंतरजातीय विवाह, कन्या मनोरमेचा जन्म आणि दोनच वर्षांत आलेले वैधव्य, हे सारे वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत घडून गेले होते. १८८२ साली त्या पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. तेव्हाच्या पुण्यात इंग्रजी शिकलेली पिढी बुद्धीच्या कसोटीवर धर्म घासून पाहत होती आणि प्रार्थना समाजाची मंडळी एकेश्वरी भक्तीचा मार्ग चोखाळत होती. रमाबाई अशा वातावरणातून इंग्लंडला गेल्या. सर्व काही तपासून पाहण्याची सवय त्यांच्याबरोबर बोटीत चढली होती.

त्यांना ख्रिस्ताकडे नेणाऱ्या दोन गोष्टी होत्या. त्यांतली पहिली म्हणजे फादर नेहेम्या नीलकंठशास्त्री गोरे यांचा युक्तिवाद. गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन ब्राह्मण आणि न्यायशास्त्राचे गाढे अभ्यासक. ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी त्यांनी संस्कृतात ग्रंथ लिहिला आणि मिशनऱ्यांशी वाद घालता घालता १८४८ साली जौनपूर येथे त्यांनीच बाप्तिस्मा घेतला. स्वतः शंकांनी पोळलेला असल्यामुळे हा मनुष्य दुसऱ्याच्या शंकेला कधी हसला नाही, आणि म्हणूनच त्यांच्या लेखनाने रमाबाईंच्या बुद्धीला पटण्याजोगे काही तरी दिले. दुसरी गोष्ट माझ्या मते अधिक मोलाची आहे. वाँटेजच्या भगिनी लंडनमधील फुलम येथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करीत होत्या. ती पाहून रमाबाईंनी विचारले की, तुम्ही यांची काळजी का वाहता? तेव्हा त्यांना बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातील शमरोनी स्त्रीची, म्हणजे यहुदी ज्यांना तुच्छ मानीत त्या समाजातल्या स्त्रीची, कथा वाचून दाखवण्यात आली. ज्या स्त्रीला आपल्या शास्त्रांत आणि समाजात जागा नव्हती, तिच्याशी विहिरीच्या काठी बसून बोलणारा ख्रिस्त त्यांना तेथे भेटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

खरा पेच त्यानंतर सुरू झाला. सिस्टर जेराल्डीन मनाने प्रेमळ होत्या. मनोरमेची त्यांनी मायेने काळजी घेतली, आणि रमाबाई त्यांना पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणून हाक मारीत. परंतु बाप्तिस्मा झाला म्हणजे मंडळीची शिकवण नम्रपणे स्वीकारायची, अशी त्यांची ठाम धारणा होती. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंना उलगडत नव्हता. ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयी आणि कुमारीजन्माविषयी त्यांच्या मनात प्रश्न होते. आणि अथनेशियसचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची ती जुनी जाहीर मांडणी, न मानणाऱ्यांचा नाश होईल, हे त्यांच्या न्यायबुद्धीला पटत नव्हते. जेराल्डीन यांना या साऱ्यात अहंकार दिसला. रमाबाईंचा शाकाहारदेखील त्यांना जातीच्या अभिमानाचा अवशेष वाटला. शंकेला उत्तर देण्याऐवजी शंका घेणाऱ्याच्या स्वभावाचा दोष काढणे, ही चूक मंडळीतल्या सज्जन माणसांकडून आजही होते, आणि ती केवळ प्रेमापोटी होते म्हणून तिने होणारी जखम काही कमी खोल नसते.

चेल्टनहॅममध्ये मात्र रमाबाईंना वेगळ्या स्वभावाची शिक्षिका भेटली. तेथील मुलींच्या महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी रमाबाईंचे प्रश्न घेतले, त्यांवर विचार केला आणि पत्रांतून विस्ताराने उत्तरे दिली. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्माचा तत्त्वज्ञान म्हणून अभ्यास केला पाहिजे, केवळ इतिहासात घडलेले प्रकटीकरण म्हणून त्या तो स्वीकारू शकणार नाहीत, तो त्यांच्या सदसद्विवेकालाही पटावा लागेल, असे बील यांनी जेराल्डीन यांना कळवले. हे लिहिणारी स्त्री धर्मनिष्ठ अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची अनुयायी, होती. तिने सिद्धांत सैल केला नाही आणि रमाबाईंना खूश करण्यासाठी ख्रिस्ताचे ईश्वरत्व बाजूलाही ठेवले नाही. तिने एवढेच केले की, समोरची व्यक्ती सत्याच्या शोधात आहे असे गृहीत धरले आणि त्या शोधाला लागणारा वेळ तिला दिला. डार्विनच्या सिद्धांताने आणि बायबलच्या चिकित्सक अभ्यासाने त्या काळच्या इंग्लंडमधील कितीतरी सुशिक्षितांची श्रद्धा हादरली होती, आणि बील यांच्या वर्गांत त्याच घरांतल्या मुली बसत होत्या. शंकेशी कसे बोलावे, हे त्यांना ठाऊक होते.

याच सुमारास एक वेगळा वाद उभा राहिला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे, अशी कल्पना पुढे आली, तेव्हा मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. त्यामुळे भारतात रमाबाईंचा प्रभाव नष्ट होईल, असे बिशपांचे म्हणणे. माझी आई तरुण विद्यार्थ्यांना शिकवत असे, मीही शिकवले, आणि त्याला माझ्या वडिलांनी वा पतीने कधी हरकत घेतली नाही, असे रमाबाईंनी सुनावले. सनातनी म्हणवणाऱ्या घराने दिलेले स्वातंत्र्य नव्या धर्मबंधूंनी काढून घ्यावे, हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. येथे मी पूर्णपणे रमाबाईंच्या बाजूचा आहे. संस्कृतीचा मान राखण्याच्या नावाखाली मंडळीने त्या संस्कृतीतले भय तेवढे उचलले आणि तिच्यातले धैर्य मागे ठेवले.

१८८६ च्या आरंभी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तेथे त्यांना पंथापंथांचा असा गलबला दिसला की, कोणाचे खरे मानावे, हे कळेनासे झाले. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवले. त्या सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. येथे धर्माची सक्ती करायची नाही, असे ठरले होते. मात्र स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना रमाबाई दार लावून घेत नसत आणि काही मुली आपणहून येऊन बसत. यावरून १८९३ साली वादळ उठले आणि रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ज्यांनी बिशपांचे जोखड नाकारले, त्यांनी सुधारकांच्या दडपणाखाली दारही लावले नाही. या दोन नकारांमागे एकच निष्ठा होती, असे मला वाटते.

मग शंकांचे काय झाले? १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या आत्मकथनात, रमाबाईंनी ते सरळ सांगितले आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, त्यांच्या ध्यानात आले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. त्यांची उत्कट, वैयक्तिक श्रद्धा या क्षणापासून सुरू होते. ती दडपणाने आली असती, तर ती १८८५ मध्येच आली असती. आठ वर्षे कोणी त्यांना प्रश्न विचारू दिले, कोणी त्यासाठी रागावले, पण प्रश्न त्यांनी सोडले नाहीत, आणि अखेर जी श्रद्धा आली ती त्यांची स्वतःची होती.

त्या श्रद्धेतून केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतांतून त्यांनी शेकडो मुलींना आणले, त्यांना शेती, विणकाम, छपाई शिकवली आणि अंध स्त्रियांसाठी शिक्षणाची सोय केली. अखेरच्या वर्षांत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते काम पुरे होत आले होते.

चेल्टनहॅमची ती पत्रे पुढे सिस्टर जेराल्डीन यांनीच जमवून जपून ठेवली. त्यांत त्यांना स्वतःला सुनावलेले खडे बोलही आहेत आणि ते त्यांनी वगळले नाहीत. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने हा पत्रव्यवहार छापला. आपल्या चर्चमधला एखादा तरुण प्रवचनानंतर थांबून त्रैक्याविषयी किंवा नरकाविषयी अडचणीचे काही विचारू लागला, तर त्याच्या पाळकाने उत्तर देण्याआधी डोरोथिया बील यांची पत्रे एकदा वाचावीत, असे मी आग्रहाने सुचवीन.